पाच मिनिटं थांबवलेली मेल

अकोले तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळायला घेतला, तेव्हा कार्यालयातल्या लिपिक मॅडमची अख्खी सकाळ नको त्या मेल पुसण्यात जायची. लॉटरी, झटपट कर्ज, परदेशी औषधं. त्या ढिगाऱ्यात शिष्यवृत्तीची मुदत कळवणारी एखादी मेलही पुसली जायची. राजूर-कोतूळकडच्या मुलांचं त्यात वर्ष अडकायचं.

यावर ग्रेलिस्टिंगचा उपाय केला. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी मांडलेली ही पद्धत मेलमधला मजकूर वाचतच नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता ही त्रयी पहिल्यांदाच दिसली, की सर्व्हर ४५० हा कोड देऊन ‘नंतर या’ असं सांगतो. रीतसर चालणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा येतो. घाऊक स्पॅम पाठवणारे बरेच प्रोग्रॅम मात्र पुन्हा फिरकत नाहीत.

ग्रेलिस्टिंग करणारं पोस्टग्रे हे सॉफ्टवेअर बसवलं आणि मॅडमना लॉग दाखवला. एका ओळीत ४५०, काही वेळाने त्याच पत्त्यापुढे ‘स्वीकारली’. लॉटरीवाल्याच्या नावापुढे नुसताच ४५०. ‘‘सर, हा परत आलाच नाही!’’ मॅडम म्हणाल्या.

अडचण आली मेलवर येणाऱ्या ओटीपीची. पोस्टग्रे मुळात ३०० सेकंद अडवतं. पण समोरचा सर्व्हर पुन्हा कधी येईल, हे त्याच्या हातात. तोवर ओटीपीची मुदत संपलेली, आणि पोर्टलसमोर अर्ज भरणारी मुलगी ताटकळत बसलेली. मोठ्या कंपन्यांचं आणखी निराळं. त्यांची मेल दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येते, म्हणून पुन्हा अडते. अशांसाठी व्हाइटलिस्ट, म्हणजे न अडवायच्या सर्व्हरची यादी लागते.

‘‘हे पण यादीत टाका ना,’’ अशी मागणी मग सगळ्याच विभागांतून होऊ लागली. तिथे सांभाळावं लागतं. ‘प्रेषक’ म्हणून दिसणारा पत्ता कुणालाही खोटा घालता येतो, त्यामुळे नुसता पत्ता बघून सूट दिली तर तोतयाला दार उघडं. आम्ही सूट देतो ती खात्री केलेल्या सर्व्हरलाच, आणि प्रत्येक नोंदीपुढे कुणी मागितली, कशासाठी, कोणत्या तारखेला, हे लिहितो. पाच वेळा नीट मेल पोचवणाऱ्या सर्व्हरला पोस्टग्रे आपणहून सूट देतं, त्यामुळे हाताने करायच्या नोंदी थोड्याच उरतात.

एसएमएसच्या बाबतीतही आता हीच दिशा आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून व्हाइटलिस्ट न केलेली लिंक असलेले व्यावसायिक संदेश मोबाइल कंपन्यांनी अडवायचे आहेत.

हॅक झालेल्या खऱ्या खात्यातून आलेली मेल मात्र ग्रेलिस्टिंगमधून सहज सुटते, कारण तिचा सर्व्हर रीतसर पुन्हा येतो. म्हणून स्पॅम फिल्टर काढू नका, आणि व्हाइटलिस्ट दर सहा महिन्यांनी उघडून ज्या नोंदींची गरज संपली त्या खोडून टाका.