सत्तर अक्षरांची इंटर्नशिप

गळ्यात कंपनीचं आयकार्ड अडकवून हिंजवडीच्या बसमध्ये उभं राहण्यात काय थ्रिल असतं, ते नव्या इंटर्नला विचारा! पहिले चार दिवस मला नुसतं ‘व्हिजिटर’ कार्ड होतं, तेही रोज संध्याकाळी गेटवर परत द्यायचं. पाचव्या दिवशी माझा फोटो असलेलं कार्ड हातात पडलं आणि ते मी थेट मनपापर्यंत मिरवत आणलं. घरी आई म्हणाली, ‘‘आता जेवताना तरी काढ.’’

ही गोष्ट २०१८च्या मे महिन्याची. मास कॉमचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. वर्गातले बाकीचे पेपरात नाही तर चॅनलमध्ये चिकटले होते आणि मी मात्र राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या एका बड्या आयटी कंपनीत. काम काय, तर डॉक्युमेंटेशन. म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पुस्तिका लिहायची. दोन महिने, दरमहा आठ हजार स्टायपेंड, शेवटी सर्टिफिकेट. आयटीतली मंडळी ज्याला चिल्लर म्हणतात ते आठ हजार मला तेव्हा भलतेच मोठे वाटत होते.

पण लॅपटॉप मिळायलाच नऊ दिवस गेले. तोवर मी इन्फर्मेशन सिक्युरिटीची ऑनलाइन परीक्षा दुसऱ्यांच्या मशिनवर दिली, कॅन्टीनमधले सगळे काउंटर पालथे घातले, आणि रोज सकाळच्या स्टँड-अपमध्ये ‘आज काय करणार’ या प्रश्नावर नवनवीन उत्तरं शोधली. ज्याची पुस्तिका लिहायची ते सॉफ्टवेअर अजून पुरतं तयारच नव्हतं. मग लीड म्हणाला, तोवर टेस्टिंगला मदत कर.

काम ऐकायला एकदम सोपं. कर्ज देणाऱ्या एका संस्थेसाठी आमची टीम एक सिस्टिम बनवत होती. हप्ता भरला, हप्ता चुकला, कागदपत्रं हवीत असे ११ प्रकारचे एसएमएस तिच्यातून ग्राहकांना जायचे. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषा, म्हणून टेस्ट केस झाल्या ४४. मी बटण दाबायचं, समोरच्या टेस्ट फोनवर ‘टिंग’ वाजलं की एक्सेलमध्ये ‘पास’ लिहायचं.

पहिले पाच-सहा मी मन लावून केले. मग कळलं, फोन दर वेळी वाजतोच आहे. उरलेले मेसेज पटापट सोडले, टिंग टिंग ऐकलं, वरच्या खान्यात ‘पास’ लिहिलं आणि माऊसने कोपरा धरून थेट खालपर्यंत ओढत नेलं. ४४ पास! लीडने शीट बघून अंगठा दाखवला. येत्या सोमवारी सिस्टिम लाइव्ह जाणार होती. इंटर्नशिप आपल्याला बरोब्बर जमतेय, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, मी कॉफी घेऊन जागेवर आले तर हाउसकीपिंगच्या मावशी माझं डेस्क पुसत होत्या. चार्जिंगला लावलेल्या टेस्ट फोनचा स्क्रीन उजळलेला होता. त्यांनी सहज वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या गाडीचा हप्ता जमा झालाय म्हणे ओ ताई. सुटलात.’’

मी हसले. ‘‘माझी कुठली गाडी मावशी, मी बसनं येते. हे खोटे मेसेज आहेत, टेस्टिंगचे.’’

‘‘असं होय. आमच्या पोराचा असा मेसेज आला ना, की मी त्या रात्री निवांत झोपते.’’

त्या पुढच्या डेस्ककडे वळल्या आणि मी फोन उचलला. कारण शेवटचा मेसेज मी पाठवला होता तो हप्ता चुकल्याचा. स्क्रीनवर होतं : ‘प्रिय ग्राहक, आपल्या दुचाकी कर्ज खात्यात मे महिन्याचा हप्ता जमा झालेला’. बस, एवढंच. पुढचा ‘नाही’ गायब. त्यापुढचं ‘कृपया त्वरित भरणा करावा’ही गायब.

पोटात खड्डा पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मागच्या रांगेतल्या एका सीनियरने भानगड समजावून सांगितली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधं इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात. मेसेजमध्ये देवनागरी आली की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणजे जागा उरते फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘प्रिय’ हा आपल्यासाठी दोन अक्षरांचा शब्द, तिथे मात्र पाच! एरवी मोठा मेसेज तुकड्यातुकड्यांनी जातो आणि फोन ते जोडून दाखवतो. आमच्या सिस्टिममध्ये खर्च वाचावा म्हणून ‘एकच तुकडा पाठवा’ अशी सेटिंग होती. इंग्रजी मेसेज एका तुकड्यात आरामात बसत होते, त्यामुळे ती कुणाला खटकलीच नव्हती.

मी बोटांवर मोजलं. ‘झालेला’मधल्या शेवटच्या कान्यापाशी बरोब्बर सत्तर भरत होते.

यात गंमत आपल्या भाषेची. इंग्रजीत ‘नॉट’ वाक्यात लवकर येतं. हिंदीत ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी येतं, त्यामुळे तो मेसेज कापला जाऊनही अर्थ वाचला होता. मराठीत मात्र आपण ‘झालेला’ म्हणून दम घेतो आणि मग सांगतो, ‘नाही’! गुजराती मला वाचता येत नाही. पलीकडच्या विंगमधल्या एका मैत्रिणीला बोलावून दाखवलं, तर तिथेही शेवटचा ‘नथी’ उडालेला.

आता प्रश्न होता लीडला सांगायचा. सिस्टिमची चूक सांगणं सोपं होतं. पण शीटवर ४४ ‘पास’ माझ्या नावाने होते. गप्प बसले असते तर? सर्टिफिकेट मिळालं असतं, जुलैमध्ये मी कॉलेजात असते, आणि चूक कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलीच असती. दहा मिनिटं मी वॉशरूममध्ये उभी राहून असले हिशेब केले. खोटं कशाला सांगू? पण तोवर कितीजण तो मेसेज वाचून निवांत झोपतील आणि सकाळी त्यांच्या हप्त्यावर दंड चढलेला असेल, हा हिशेब काही केल्या सुटेना.

लीडच्या डेस्कपाशी गेले. फोन दाखवला. त्याला मराठी येत नव्हतं, मी अर्थ सांगितला. त्याने शीट उघडली, मेसेजची ओळ शोधली, माझं नाव पाहिलं.

‘‘तूने पढ़ा नहीं था?’’

‘‘नहीं,’’ मी म्हणाले. ‘‘एकही नीट वाचला नव्हता.’’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता उसासा टाकला आणि क्लायंटला फोन लावला. जाता जाता म्हणाला की टेस्ट केस लिहिताना ‘मेसेज पोचला’ एवढंच आम्ही लिहिलं होतं, ‘मेसेज कळला’ असं कुणीच लिहिलं नव्हतं.

क्लायंटला तुकड्यांचा खर्च नको होता. म्हणजे सगळे मेसेज ७० चिन्हांत बसवायचे. मराठीतले ११ माझ्याकडे आले. इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदाच मला मला येणारं काम मिळालं होतं! महत्त्वाचा शब्द सगळ्यांत पुढे घ्यायचा, एवढं एकच ठरवलं. बराच वेळ खाडाखोड केली आणि मग निघायच्या तयारीत असलेल्या मावशींना लिफ्टपाशी गाठलं. कागदावर लिहिलं होतं : ‘हप्ता बाकी: दुचाकी कर्ज, मे महिना. कृपया आजच भरा.’ मोजून ४९.

मावशींनी वाचलं. ‘‘म्हणजे भरलेला नाहीये.’’

‘‘हो. दुपारी तुम्ही वाचलात ना, तोच हा मेसेज.’’

‘‘मग तसं सरळ लिहायचं ना,’’ त्या म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

सिस्टिम सोमवारऐवजी बुधवारी लाइव्ह गेली. ४४ टेस्ट केस मी पुन्हा केल्या, या वेळी एकेक वाचून. गुजरातीच्या ११ मैत्रिणीने वाचल्या, आणि त्यांच्यापुढे मी तिचं नाव लिहिलं. क्लायंटला गेलेल्या मेलमध्ये माझं किंवा मावशींचं नाव नव्हतं. सर्टिफिकेटवर ‘डॉक्युमेंटेशन’ एवढंच आहे. पुढे मी आयटीत गेले नाही, फ्रीलान्स लिहायला लागले. पण आजही लेख पाठवण्याआधी तो घरात कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवते आणि विचारते, काय कळलं सांग. बऱ्याचदा भलतंच कळलेलं असतं!

तुमच्याही ऑफिसात या मेमध्ये कुणीतरी नवं कोरं आयकार्ड मिरवत येईल. त्याच्या शीटमध्ये सगळीकडे ‘पास’ दिसलं तर अंगठा जरूर दाखवा. पण आधी त्यातला एखादा मेसेज त्याला तुमच्यासमोर वाचायला सांगा. शेवटच्या शब्दापर्यंत.