कृत्तिका किती?

मोतीबिंदू काढला आणि त्यानंतरच्या मार्गशीर्षात तारे पाहायला वांगणीला गेलो. नव्या भिंगातून कृत्तिका जास्त निळ्या, जास्त टोकदार दिसल्या. संख्या मात्र वाढली नाही, आणि मी चिडलो.

सहा कुणालाही दिसतात, त्यांचं काय मोजायचं! माझं भांडण प्लायोनीशी आहे. पाचव्या प्रतीच्या आसपासची ही तारका ॲटलस या ठळक ताऱ्याला खेटून आहे. मधलं अंतर चंद्रबिंबाच्या सहाव्या हिश्शाएवढं. एकटी असती तर तिरक्या नजरेनं केव्हाच सापडली असती. इथे तिरकं पाहिलं की बारकावा जातो, दोघं एक होतात. सरळ पाहिलं की ॲटलसचा उजेड तिला गिळतो. त्यात ती रूपविकारी, साधारण ४.८ ते ५.५ प्रतीत वरखाली होणारी. मग दिसली नाही तर दोष कुणाचा? डोळ्याचा, बदलापूरकडून चढणाऱ्या उजेडाचा, की तिचा? आणि दिसली तरी काय, नकाशा मला पाठ आहे. ती कुठे असते हे ठाऊक असलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार?

यंदा शेजारची नववीतली मुलगी बरोबर होती. तिला नकाशा दाखवलाच नाही. दिसतील ते ठिपके काढ म्हटलं. तिनं सात काढले, सातवी सेलीनो. ॲटलसचा ठिपका मात्र लांबट. म्हणाली, ‘‘काका, हा गोल येतच नाहीये.’’

अशी नोंद माझ्या वहीत कुठेही नाही. माझ्या वहीत आकडे आहेत, आणि ते सोबत्यांच्या आकड्यांपेक्षा एकाने तरी जास्त असावेत ही माझी हौस.

सहा की सात, हा वाद आपल्याकडेही जुनाच. तैत्तिरीय ब्राह्मणात अंबा, दुला, नितत्नी अशी सात नावं, पण कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहाच. गॅलिलिओनं १६१० मध्ये दुर्बिणीतून आणखी छत्तीस तारे दाखवले, नाव त्याचं झालं. मला मत्सर वाटतो तो मेस्टलिन या खगोलज्ञाचा: १५७९ मध्ये, दुर्बिणीच्या आधी, त्यानं अकरा तारे कागदावर मांडले होते. हल्लीच्या आकाशदर्शनात ॲप नावं सांगतं, हिरवा लेसर फिरतो, टाळ्या पडतात. मोजत कुणीच नाही.

मार्गशीर्ष अमावास्येच्या आसपास रात्री दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात. अर्धा तास अंधारात बसा, मोबाइल पिशवीत ठेवा, ठिपके काढा. मला आकडा सांगू नका, कागद दाखवा.