दोन हिशेब

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, उत्तरेकडे वसलेले विद्याधर नगर ही तशी अलीकडची वसाहत. नाव अठराव्या शतकातील विद्याधर भट्टाचार्य या बंगाली नगरयोजकाचे. १९८०च्या दशकातील आराखडा बाळकृष्ण दोशी यांचा, म्हणजे १९२७ साली पुण्यात जन्मलेल्या गुजराती वास्तुशिल्पज्ञाचा. नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेल्या मराठी माणसांना बाहेरून आलेल्यांची ही परंपरा सोयीची वाटावी, यात नवल नाही. अशाच चार निवृत्त मित्रांनी पावसाळा सरता सरता मोटारीने अजमेर, पुष्कर, राजसमंद, उदयपूर असा बेत आखला. अरवलीचे डोंगर हिरवे असतात ते वर्षातले थोडे दिवस. ते गाठावेत, एवढाच हेतू.

चौघांपैकी एक इतिहासाचे प्राध्यापक होते. सहलीच्या दृष्टीने ही गोष्ट फारशी हितावह नसते.

अजमेरला आनासागराच्या काठी शाहजहानच्या संगमरवरी बारादऱ्यांत घटकाभर बसून मंडळी नागपहाडाचा घाट ओलांडून पुष्करात उतरली. पाहुणे दक्षिणेकडचे हे ओळखून तेथील पंड्याने आवर्जून सांगितले, की ब्रह्मदेवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिंद्यांच्या मंत्र्याने केला. मंडळी सुखावली. प्राध्यापकांनी मात्र पुस्ती जोडली, की १७५५ साली जयाप्पा शिंदे नागौरजवळ दग्याने मारले गेले आणि त्यानंतरच्या तहात अजमेर मराठ्यांकडे आले. मधली काही वर्षे वगळता १८१८पर्यंत ते शिंद्यांकडेच राहिले.

मराठी प्रवासवर्णनकाराला राजस्थानात प्रताप दिसतो, पद्मिनी दिसते, मीरा दिसते. शिंदे-होळकर दिसत नाहीत. हा केवळ विसर आहे असे वाटत नाही.

ब्यावर सोडल्यावर भीमच्या बाजूला रस्ता डोंगरांत शिरतो. या टेकड्यांना सह्याद्रीचा ताठा नाही. अतिप्राचीन पर्वत झिजून झिजून जसा उरावा, तशा त्या उरल्या आहेत. पाठीवर धोकाची खुरटी झाडे, खाली मक्याची शेते आणि दगड रचून घातलेली कुंपणे. येथे बराच वेळ कोणीच बोलले नाही.

राजसमंदची नौचौकी पाहून चौघेही थबकले. महाराणा राजसिंहाने १६६२ साली, दुष्काळाने गांजलेल्या रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून, या बांधाचे काम काढले. ते १६७६ साली पुरे झाले, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी. पाण्यात उतरणाऱ्या शुभ्र पायऱ्या, नक्षीदार मंडप, आणि घाटाच्या कोनाड्यांत बसवलेल्या पंचवीस शिळांवर कोरलेले एक संपूर्ण संस्कृत महाकाव्य! रणछोड भट्ट तैलंग हा त्याचा कर्ता. पाणी कसे अडवले याची हकिगत पाण्याच्याच काठी दगडात लिहून ठेवणारे राज्य ते. याच मुलखाचा दुसरा हिशेब पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांवर आहे: मामलत किती ठरली, वसूल किती झाला, बाकी किती राहिली.

सायंकाळी उदयपूरला पिछोल्यात नावेत बसल्यावर विषय पुन्हा निघाला. याच वाड्यात १८१० साली कृष्णाकुमारी या कोवळ्या राजकन्येला विष देण्यात आले. तिच्यासाठी जयपूर आणि जोधपूर एकमेकांवर उठले होते, आणि त्या भांडणात दौलतराव शिंदे व अमीरखान पेंढारी यांनी आपापली पोळी भाजून घेतली होती. जयपुरात तर १७५०च्या डिसेंबरात होळकरांच्या तगाद्याने ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली, आणि पुढल्याच महिन्यात शहर उसळून हजारो मराठे कापले गेले. चौघे रोज त्याच शहरात भाजी घेत होते.

‘‘अहो, पण बोलावले कोणी?’’ मित्रांपैकी इंजिनिअर म्हणाले. ‘‘माधोसिंह उदयपूरचा भाचा. त्याला गादी मिळावी म्हणून उदयपूरनेच होळकरांना पैसा कबूल केला ना?’’

आक्षेप खरा होता. प्राध्यापकांनी तो मान्य केला. इतकेच म्हणाले, की बोलावलेला पाहुणा साठ वर्षे उठला नाही. नावाड्याने वल्हे थांबवून जगमंदिराकडे बोट दाखवले. चौघांनी तिकडे पाहिले. पाण्यावर अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी परतण्याऐवजी आणखी आग्नेयेला, जयसमंदपर्यंत जावे अशी टूम निघाली.

‘‘तेथे तरी आपले कोणी गेले नव्हते ना?’’ डॉक्टर मित्राने विचारले.

‘‘कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही,’’ प्राध्यापक म्हणाले, आणि पुढच्या आसनावर जाऊन बसले.