जीप, बेट आणि आमची ही

काळजी घेणं वेगळं आणि काळजी करणं वेगळं, असं आमच्या हिचं मत आहे. मला हा फरक कधी कळला नाही. बँकेत छत्तीस वर्षं मी दिवसभर लोकांच्या पैशांची काळजी घेतली आणि रात्री घरी येऊन त्याच पैशांची काळजी केली. पगार मात्र एकाच कामाचा मिळाला.

त्यातच गेल्या पावसाळ्यात हिच्या हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली. डॉक्टरांनी आत जाळी बसवली, चार दिवसांनी घरी सोडलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता अगदी नेहमीसारखं वागू द्या त्यांना." डॉक्टर तरुण होता. त्याला काय कळतंय! मी घरी आल्याबरोबर एक वही घातली. तीत रकाने पाडले : सकाळची गोळी, रात्रीची गोळी, रक्तदाब, नाडी, चढलेले जिने आणि शेवटी 'शेरा'. हिनं भाजीची पिशवी उचलली की मी ती काढून घ्यायचो. ही जोरात हसली तरी नाडी बघायचो. "तुम्ही नवरा आहात की ऑडिटर?" असं एकदा हिनं विचारलं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : चिडचिड.

अशा परिस्थितीत लिस्बनला असलेल्या आमच्या मुलीनं आम्हांला बोलावून घेतलं आणि पंधरा दिवसांतच मदेरा नावाच्या बेटावर चार दिवस धाडून दिलं. "बाबा, सुंदर बेट आहे. फुलंच फुलं! निवृत्त लोकांना फार आवडतं," एवढंच ती म्हणाली. ते बेट भर अटलांटिक महासागरात आहे, ते ज्वालामुखीतून वर आलेलं आहे आणि तिथल्या विमानतळाच्या धावपट्टीचा मोठा भाग समुद्रकाठी खांबांवर पेललेला आहे, ही माहिती मला विमान त्या खांबांवर उतरत असताना शेजारच्या प्रवाशानं दिली. "2000 साली वाढवली धावपट्टी. सुमारे 180 खांब आहेत!" तो अभिमानानं म्हणाला. मी डोळे मिटून खांब मोजत होतो. ही खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी 'बेटाची एक दिवसाची सफर' होती. माझ्या डोळ्यांपुढे गुबगुबीत खुर्च्यांची बस होती. प्रत्यक्षात फुंशालच्या आमच्या हॉटेलाच्या दाराशी एक जीप येऊन उभी राहिली. तिचं वरचं छप्पर उघडं होतं. आत सत्तरी ओलांडलेलं एक जर्मन जोडपं हातांत काठ्या घेऊन, हिमालय राहिलाच आहे अशा चेहऱ्यानं बसलेलं होतं. ड्रायव्हर तिशीतला, हसरा.

"रस्ता चांगला आहे ना?" मी विचारलं.

"रस्ता?" तो म्हणाला, "आज शक्यतो रस्त्यावरून जायचंच नाही!"

मी हिचा हात धरून मागे वळलो, तर हात रिकामा. ही केव्हाच जीपमध्ये चढून पुढची जागा धरून बसली होती.

पहिला थांबा कामरा द लोबुश हे कोळ्यांचं गाव. रंगीत होड्या, वर डोंगरउतारावर केळीच्या बागा. 1950 साली चर्चिलसाहेब इथं बसून चित्र रंगवत होते म्हणे. मला तिथंच दिवसभर बसायला आवडलं असतं. चित्र काढता येत नाही ही गोष्ट गौण होती. पण जीप वर निघाली ती थेट काबो जिरांवच्या कड्यावर. हा कडा समुद्रापासून 580 मीटर उंच. एवढ्यावर समाधान न झाल्यामुळे लोकांनी 2012 साली कड्याच्या बाहेर काचेच्या जमिनीचा एक सज्जा काढलेला आहे. काचेखाली काही नाही. म्हणजे आहे, पण ते अर्ध्या किलोमीटरहून खाली आहे : रुमालाएवढी शेतं आणि फेसाची एक पांढरी दोरी.

मी काच संपते तिथल्या भक्कम जमिनीवर उभा राहून ओरडत होतो, "अगं, दम लागतोय का? चक्कर येतेय का? खाली बघू नकोस!" ही काचेच्या मधोमध उभी राहून फक्त खालीच बघत होती. जर्मन बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

तिथून पुढे रस्ता सुटला. जीप निलगिरीच्या रानातल्या एका वाटेवर शिरली. वाट म्हणजे काय, दगड होते आणि ते साधारण एका दिशेनं पडलेले होते. आमच्या पिढीला खरं तर हे नवीन नाही. वरंधा घाट, महाडची एसटी आणि शेवटचं बाकडं हे ज्यानं अनुभवलंय, त्याला कसलं भय? पण एसटीत आपण पोहोचण्याचे पैसे देतो आणि धक्के फुकट मिळतात. इथं मुळात धक्क्यांचेच पैसे घेतले होते. ही तर पुढच्या दांड्याला धरून चक्क उभी राहिली, आणि मी मागून तिची ओढणी धरून बसलो. पतंग कापला गेल्यावरही मांजा धरून बसणारी पोरं असतात ना, तसा.

"या बेटाची वाईन," ड्रायव्हर एका ओहोळातून जीप काढता काढता सांगू लागला, "पूर्वी पिंपांत भरून जहाजावर चढवत आणि पार हिंदुस्थानापर्यंत नेऊन परत आणत. उष्म्यानं आणि हेलकाव्यांनी ती सुधारायची."

"आम्हांलाही तिथूनच आणलंय," ही म्हणाली. "बघू या, काही सुधारणा होतेय का." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

वाटेत एका ठिकाणी डोंगराची आतली बाजू उघडी पडली होती. एकावर एक काळे, विटकरी थर. "लाव्हा!" ड्रायव्हर म्हणाला. शेवटचा उद्रेक कधी झाला, असं मी सहज विचारल्यासारखं दाखवून विचारलं. काही हजार वर्षांपूर्वी, असं उत्तर मिळालं. "म्हणजे आता पाळी आलीच असेल," मी हिच्या कानात म्हणालो.

"अहो, हा आपला कातळ आहे!" ही म्हणाली. "बघा की नीट. घाटात दिसतो तस्सा!"

बघितलं, तर खरंच तसा होता. सह्याद्री तरी दुसरं काय आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून थिजलेला लाव्हाच. त्याच्यापुढे हे बेट काल बारसं झालेलं पोर, काही दशलक्ष वर्षांचं. लांबी सगळी 57 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघून लोणावळा यायच्या आत संपावं. पण उंची बघाल तर 1862 मीटर. आपलं कळसूबाई 1646. मी पुण्यात ज्वालामुखीच्या पाठीवर घर बांधलं, कर्ज फेडलं, त्याच दगडाच्या पाट्यावर वाटलेली चटणी जन्मभर खाल्ली, आणि एकदाही घाबरलो नाही. माहीत नव्हतं, म्हणून. माणसाची निम्मी भीती माहितीतून येते, असं मला वाटतं.

थोडं पुढे डोंगराच्या कडेनं हातभर रुंदीचं पाणी शिस्तीत चाललेलं दिसलं. ड्रायव्हर त्याला 'लेवाडा' म्हणाला. बेटाच्या उत्तरेला पाऊस उदंड, दक्षिणेला ऊन. तेव्हा पंधराव्या शतकापासून लोकांनी डोंगर कोरून पाणी इकडून तिकडे नेलं. काही ठिकाणी माणसं कड्यावरून दोरांनी लोंबकळत खोदत होती. असे दोन हजार किलोमीटरांहून अधिक लेवाडे आहेत म्हणे.

"लेवाडा कसला, पाट आहे हा!" ही म्हणाली आणि जीप थांबायच्या आत उतरली. हिचं माहेर कोकणातलं. आगरात पाटाच्या पाण्यात पाय घालून ही लहानाची मोठी झाली. आता परक्या बेटावरच्या पाटात तिनं बोटं बुडवली आणि कपाळाला लावली. मी वही काढली होती, ती परत खिशात ठेवली. या गोष्टीसाठी तीत रकाना नव्हता.

दुपारी आम्ही फनालला पोहोचलो. हे बेटावरचं जुनं रान. 1999 साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेलं. शतकानुशतकं वयाची झाडं धुक्यात पसरलेली. वाकलेली, शेवाळलेली, एकेकीच्या अंगावर नेचे वाढलेले. समुद्रावरचं धुकं पानांवर अडवून ही झाडं त्याचं पाणी करतात आणि डोंगराला पाजतात. हिनं खाली पडलेलं एक पान उचलून चुरगाळलं, हुंगलं आणि म्हणाली, "तमालपत्राची भावकी दिसते." तशी ती आहेही, त्याच कुळातली.

तेवढ्यात धुकं एकदम दाट झालं. शेजारच्या गाईचं नुसतं शेपूट दिसेना. आणि त्या धुक्यातून ड्रायव्हरचा घाबरलेला आवाज आला, "शाव्! शाव्!"

माझ्या पोटात गोळा आला. "शव? अगं, शव सापडलंय कुणाचं तरी!"

"शव नव्हे हो, चावी!" ही म्हणाली. "जीपची चावी हरवलीय त्याची."

हिनं शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवलं. पोर्तुगीजांकडून आपण काय काय घेतलं याची यादी हिला तोंडपाठ. चावी, पाव, बटाटा, बादली, साबण, कोबी, अननस, नाताळ, लिलाव. पगारसुद्धा त्यांचाच, मात्र त्यांच्यात 'पगार' म्हणजे पैसे देणं आणि आपल्यात पैसे मिळणं. शब्द एकच, फक्त काउंटरची बाजू बदलली. हे एका बँकवाल्याला इतकी वर्षं माहीत नसावं!

सगळे वाकून गवत चाचपू लागले. मी हिचा हात धरून ठेवला होता. "थंडी बाधेल तुला. जीपमध्ये बस. दम—"

"अहो," ही हळूच म्हणाली, "एक सांगू? ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघता ना, ते मी रिपोर्ट असल्यासारखं बघता. मी हसले तरी तुम्ही आकडा शोधता. मला भीती वाटत नाही असं नाही. पण मला वाटलं की मी घडीभर विसरते. तुम्ही मला विसरूच देत नाही."

धुकं होतं ते बरं झालं. तेहतीस वर्षांच्या संसारात मला बोलायला काही सुचलं नाही अशी ही पहिलीच वेळ नव्हती, पण मी गप्प बसलो अशी मात्र पहिलीच असावी. मी तिचा हात सोडला. ती चार पावलं पुढे गेली, दिसेनाशी झाली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. असे किती क्षण गेले कोण जाणे. मग धुक्यातून शाळेतल्या जुन्या सुरात आरोळी आली, "सापडली! चा-वी!" ड्रायव्हर धावत गेला आणि त्यानं हिचे दोन्ही हात हातांत घेतले. त्यानंतर दिवसभर तो सगळ्या सूचना हिलाच उद्देशून देत होता.

खाली उतरून आम्ही पोर्तो मोनिझला आलो. इथं लाव्हा समुद्रात जाऊन थिजला आणि त्याच्या काळ्या खडकांत आपोआप तळी तयार झाली. भरतीच्या लाटा खडकावर फुटून आत येतात. आत मात्र पाणी घरच्यासारखं शांत. आधी आम्ही एका टपरीवर 'बोलो दु काकु' खाल्ला. रताळं घालून केलेली जाड भाकरीच ती. मूळची काळ्या दगडाच्या तापल्या लादीवर भाजत. वर लसूण-लोणी. हिनं पिशवीतून लसणीची चटणी काढून जर्मन जोडप्याला दिली. जर्मन गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत, पण परत मागितली.

जर्मन जोडपं सरळ पोहायला उतरलं. ही सलवार गुडघ्यापर्यंत वर करून पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मला पोहता येत नाही. लहानपणी विहिरीत कुणीतरी ढकललं, तेव्हापासून पाण्याशी माझा संबंध बादलीपुरता. मी दोन पायऱ्या वर बूट घालून उभा होतो. पलीकडे अख्खा अटलांटिक खडकावर डोकं आपटत होता.

"या की," ही म्हणाली.

"इथून छान दिसतंय."

तिनं मागे न बघताच हात वर केला. "या. मी आहे ना."

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेताना मी हेच तीन शब्द बोललो होतो. तेव्हा मला वाटलं होतं, तिला ऐकूच गेले नाहीत.

मी बूट काढले. पाणी गार होतं, पण दोन मिनिटांनी ते कळेनासं झालं.

रात्री हॉटेलात सवयीनं वही काढली. तारीख घातली. गोळ्या झाल्या होत्या, त्यांवर खुणा केल्या. जिने मोजायचे राहिले होते, नाडीचंही लक्षात नव्हतं. शेऱ्याच्या रकान्याशी पेन अडलं. "आणा इकडे," ही म्हणाली, आणि प्रगतिपुस्तकावर लिहायची त्या वळणदार अक्षरात तिनं लिहिलं : प्रगती समाधानकारक. भीती अजून कमी व्हायला हवी.

तो शेरा दोघांपैकी कुणाला होता, हे मी विचारलं नाही. मुकाट्यानं खाली पालकाची सही केली.