चोर्ला घाट आणि जुनी गाडी

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला निघालात, की चोर्ला घाट जुन्या गाडीची परीक्षाच घेतो. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथवर १९९४ साली बाजारात आलेली एस्टीमही झोकात धावते. पुढे साखळीकडचा उतार लागला, की तिचे दुखणे कळते. सतत ब्रेक दाबल्यास लायनर तापतात, पेडल मऊ पडते. म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे. परतीच्या चढावर रेडिएटर तुंबलेला असेल, तर काटा लाल रेषेकडे सरकतो. तापलेले झाकण लगेच उघडू नये. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लचप्लेट संपली समजा.

जुनी गाडी स्वस्तात मिळते. क्लच, बुश, टायर यांचा खर्च मागाहून येतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते. २० वर्षांवरील मोटारीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे शुल्क १०,००० रुपये केले. तेव्हा विसार देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला शेजारी बसवून हा घाट एकदा उतरा आणि चढा. पावसाळ्यात धुके दाटल्यावर मुलेबाळे गाडीत असताना ती बंद पडली, तर स्वस्ताई फार महाग पडते.