चढण आली की उतरावे

गेले तीन महिने रात्रीची प्रार्थना आटोपली, की मी टेबलावर स्वित्झर्लंडचा नकाशा पसरून बसतो. माझ्याबरोबर गुरुदीक्षा घेतलेला एक मित्र तिकडच्या एका धर्मग्रामात सेवा करतो. 'पंचविशी उलटून गेली, आता एकदा तरी ये. सायकलने हिंडू,' असे त्याने कळविले आणि पंचावन्नाव्या वर्षी मला सायकलचे वेड लागले.

बेत असा आहे. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा आटोपल्यावर, सप्टेंबरच्या मध्यास निघावे. सायकली मित्र तिथेच उसन्या मिळविणार आहे. त्या देशात सायकलस्वारांसाठी नऊ राष्ट्रीय मार्ग आखलेले असून वळणावळणावर तांबड्या पाट्या आहेत. त्यांतला पहिला मार्ग ऱ्होन नदीच्या सोबतीने जातो : आन्डरमाटपासून जिनिव्हापर्यंत, सुमारे ३५० किलोमीटर. रोजचे ५० धरले, तर सात दिवस. आगगाडीत सायकल नेता येते, पण तिचे तिकीट वेगळे. व्हिसासाठी निदान ३० हजार युरोंचा प्रवासविमा हवा. हे सारे मी वहीत टिपून ठेवले आहे.

परंतु या मार्गाच्या आरंभीच फुर्का नावाची खिंड आहे. आन्डरमाट गाव १४०० मीटरांवर, तर खिंड २४२९ मीटरांवर. आम्हा मुंबईकरांना उंचीचा अंदाज नसतो. आपला मलबार हिल जेमतेम ५० मीटरांचा. सरावासाठी मी पहाटे गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरची चढण चढू लागलो, तर तीन बत्तीपर्यंतच धाप लागली. फुर्का म्हणजे एका सकाळी असे वीस मलबार हिल! तरीही मनात ईर्षा होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी याच मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. त्यांनी वाटेत आल्प्सही ओलांडला. मग आपल्याला एक खिंड जमू नये?

एका रात्री मात्र नकाशावरून बोट फिरविता फिरविता बाबांची सायकल आठवली.

बाबा लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. भोंग्याच्या आधी घर सोडायचे आणि पाळी सुटल्यावर तेलाच्या वासासकट परतायचे. रविवारी ते मला दांड्यावर बसवून दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मिस्साला नेत. टिळक पुलाची चढण आली, की ते खाली उतरत, मला तसेच बसू देत आणि सायकल ढकलीत. इतर सायकलवाले उभे राहून पेडल मारीत पुढे जात. मला लाज वाटे. एकदा मी विचारले, "बाबा, तुम्हांला चढवत नाही का?" ते म्हणाले, "चढवते रे. पण मिस्साला घामाघूम होऊन कशाला जायचे? चढण आली की उतरावे. पूल काही पळून जात नाही."

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. पावसाळ्याआधी बाबांनी सायकल विकली. शाळा उघडली तेव्हा माझी वह्यापुस्तके आली, ती कोणत्या पैशांतून हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पुढे ते सगळीकडे पायीच जात. सुट्टी अशी त्यांनी कधी घेतलीच नाही. संपाने दिली, ती सुट्टी नव्हे.

ही आठवण आल्यापासून नकाशा मला बोचू लागला. त्यांच्या मुलाने परदेशी सहलीला जावे काय? मग मी एक पळवाट काढली. वाटेत सेंट मॉरिसचा मठ लागतो. ५१५ साली स्थापन झालेल्या या मठात आजतागायत प्रार्थना चालू आहे. बिशपस्वामींना लिहिलेल्या रजेच्या अर्जात मी प्रवासाचे कारण 'तीर्थयात्रा' असे लिहिले. बहिणीने तिकिटाचे पैसे देऊ केले, तिलाही तेच सांगितले. त्या रविवारच्या प्रवचनात मी खरे बोलण्यावर भर दिला होता, हेही कबूल करतो!

मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी भेटली. तिचा नवराही त्याच संपात घरी बसला, तो पुन्हा कामावर गेलाच नाही. मी तीर्थयात्रेचे सांगताच ती हसली. "फादर, सायकल चालवायला चाललाव ना? मग सुट्टीला सुट्टी म्हना. आमच्या मानसांना ती गावली नाय, म्हनून तुमी कशाला लपवता?"

त्या रात्री मी अर्ज फाडला आणि नवा लिहिला. कारण : विश्रांती. प्रभू येशूने दमल्याभागल्या शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला बोलाविले, तेव्हा त्यांच्याकडे सबब मागितली नव्हती. विसावा हा त्याच्या दयेचाच भाग आहे, तो मुकाट्याने घ्यावा. तो ज्यांना नाकारला गेला त्यांची आठवण ठेवावी, परंतु त्या आठवणीआड खोटे बोलू नये.

बेतही बदलला. फुर्काच्या पोटातून १५ किलोमीटरांहून लांब असा रेल्वेचा बोगदा आहे. तोही १९८२ सालीच, जूनमध्ये खुला झाला. बाबांची सायकल गेली त्याच सुमारास! आन्डरमाटला आम्ही सायकली आगगाडीत चढविणार आणि पलीकडे ओबरवाल्डला उतरून नदीबरोबर खाली जाणार. सेंट मॉरिसला थांबू, बाबांसाठी मिस्सा अर्पण करू. पण तीर्थयात्रा म्हणणार नाही.

मित्राने विचारले, "खिंड चढण्याची हौस संपली?" मी कळविले, "वाटेत लहानसहान चढण येतीलच. तिथे मी उतरून सायकल ढकलीन. तू पुढे जाऊन थांब."