पिवळ्या पट्टीतले चोवीस सेल

सोलरच्या बॅटरी बँकेसाठी कुठला हायड्रोमीटर घ्यावा असं कुणी विचारलं, की मी आधी त्याच्या आतला फ्लोट दाखवायला सांगतो. फ्लोटवर नुसत्या लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या असतील, तर तो गाडीच्या बॅटरीला ठीक, आपल्या कामाचा नाही.

हे मी कशेळ्याच्या पुढच्या एका आश्रमशाळेत पाहिलं आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला केंद्रं उभी केली, ती आमच्याच खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत. पण जून लागला की रानातून गेलेल्या तारांवर फांदी पडते आणि वाड्या-पाडे रात्र-रात्र अंधारात राहतात. म्हणून त्या शाळेच्या वसतिगृहाला ४८ व्होल्टची बँक बसवलेली. दोन व्होल्टचे २४ उंच ट्यूब्युलर सेल, लोखंडी रॅकवर दोन ओळींत.

तिथल्या शिपाईभाऊंनी फोन करून बोलावून घेतलं. म्हणाले, "साहेब, सगळेच्या सगळे सेल पिवळं दाखवतायत. गॅरेजवाला म्हणाला ॲसिड कमी पडलंय, वाढवा. दोघांत टाकलं, पुढं मन धजेना."

त्यांचं मन धजलं नाही म्हणून बावीस सेल वाचले. गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ग्रॅव्हिटी १.२८० च्या आसपास असते आणि हिरवी पट्टी त्या हिशोबाने रंगवलेली असते. सोलरचे ट्यूब्युलर सेल वर्षानुवर्षं टिकावेत म्हणून त्यांत ॲसिड मुळातच सौम्य भरतात. २७ अंशाला १.२४० म्हणजे सेल भरलेला. तो गाडीच्या मापाने पिवळाच दिसणार. वरून ॲसिड ओतलं की पट्टी हिरवी होते, चार्ज मात्र काडीचाही वाढत नाही आणि आतली प्लेट लवकर झिजते. त्या दोन सेलमधलं द्रावण थोडंथोडं काढून, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून, मधे चार्ज देत देत ग्रॅव्हिटी खाली आणावी लागली. चष्मा, हातमोजे आणि शेजारी खाण्याच्या सोड्याचं पाणी घेतल्याशिवाय या कामाला हात लावू नये.

मग व्होल्टमीटरने भागत नाही का? एका सेलपुरतं भागतं. बॅटरी काही तास निवांत ठेवली, की ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवायचे, साधारण तेवढं व्होल्टेज येतं. १.२४० ला २.०८. चोवीस सेलचे मिळून ४९.९२. आता यातला एक सेल १.१८० वर घसरला, तर बेरीज फक्त ०.०६ ने कमी होते. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ते कुणाच्या लक्षात येणार? आजारी सेल बेरजेत लपतो. म्हणून प्रत्येक सेल वेगळा मोजायचा आणि एकमेकांतला फरक बघायचा. मला हवं ते साधन हा फरक दाखवणारं.

त्यासाठी काचेचा लांब फ्लोट असलेला, १.१०० ते १.३०० पर्यंतचा आणि ०.००५ च्या खुणा असलेला हायड्रोमीटर मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. रबरी फुगा दाबून द्रावण ओढायचं, फ्लोट काचेला न चिकटता मोकळा तरंगू द्यायचा, डोळा पातळीला आणून वाचायचं आणि द्रावण त्याच सेलमध्ये परत सोडायचं. नुकतंच पाणी घातलं असेल तर त्या दिवशी मोजू नये, वरवरचंच पाणी वर येतं.

सोबत थर्मामीटर हवाच. २७ अंशांच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, खाली असेल तर वजा करायचे. मे महिन्यात कर्जतच्या पत्र्याच्या खोलीत द्रावण ३८ अंशांवर असतं, तेव्हा १.२३२ वाचलं तरी सेल भरलेलाच आहे. जानेवारीतल्या पहाटे १५ अंशांना तोच सेल १.२४८ दाखवतो. हा हिशोब न करता उन्हाळ्यातला आणि थंडीतला आकडा शेजारी ठेवला, तर चांगल्या बॅटरीवर उगाच संशय येतो.

रिफ्रॅक्टोमीटरचं आकर्षण मला कळतं. एक थेंब पुरतो, ॲसिड सांडत नाही. पण हातातल्या साध्या मॉडेलवर खुणा ०.०१ च्या असतात, आणि बरेचसे २० अंशाला बेतलेले असतात. शंका आलेल्या सेलची फेरतपासणी करायला मी तो पिशवीत ठेवतो. पिपेट प्रत्येक सेलनंतर पुसला नाही, तर मागच्या सेलचा थेंब पुढच्याचा आकडा बिघडवतो.

खालापूरकडे चौकजवळ एका रिसॉर्टवर २४० व्होल्टची बँक आहे, १२० सेलची. तिथे काचेच्या हायड्रोमीटरने सगळे सेल मोजायचे म्हणजे कंबर आणि डोळे दोन्ही जातात, आणि दमलेला डोळा चुकीचं वाचतो. अशा ठिकाणी डिजिटल डेन्सिटी मीटर घ्यावा. तो दोनेक मिलिलिटर द्रावण ओढून घेतो, तापमान धरून आकडा देतो आणि साठवूनही ठेवतो. संदर्भ तापमान २७ वर लावता येतं का, एवढं घेतानाच विचारावं. किंमत मात्र अशी, की एका शाळेने तो घ्यावा असं मी कधीच सांगणार नाही. अनेक बँका सांभाळणाऱ्याने तो बाळगावा.

शाळेसाठी काचेचाच घेतला. शिपाईभाऊंनी प्रत्येक सेलवर रंगाने नंबर टाकले आणि वही घातली: तारीख, तापमान, ग्रॅव्हिटी, व्होल्टेज. दर आठवड्याला चार ठरलेले पायलट सेल, महिन्याला सगळे. काही महिन्यांनी त्यांनीच दाखवलं की बाकीचे १.२४० वर असताना सतरा नंबरचा १.२१० च्या वर चढत नाही. इक्वलाइझ चार्ज दिला, तरी तो मागेच. वहीच्या त्या पानांचे फोटो कंपनीला पाठवले आणि वॉरंटीत सेल बदलून आला.